सोसायटीच्या हिशेबांचे स्थलांतर व त्यासाठी नेमावयाचा जाणकार

गावोगावच्या विविध कार्यकारी सेवा सोसायट्यांचे हिशेब जुन्या वह्यांतून किंवा जुन्या संगणकांतून काढून एका सामायिक राष्ट्रीय प्रणालीत घालण्याच्या योजनेस केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी मंजुरी दिली. ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्था व २,५१६ कोटी रुपये खर्च, असा त्या वेळचा अंदाज होता. अंमलबजावणीचे काम नाबार्डकडे सोपविण्यात आले. तेव्हापासून कित्येक सोसायट्यांचे दप्तर नव्या जागी गेले, कित्येकांचे जावयाचे आहे, आणि ज्यांचे गेले त्यांपैकी काहींस आपले सर्व सामान पोचले की नाही हे अद्याप नीट पाहावयाचे आहे. दूध संघ, साखर कारखाने, खरेदी-विक्री संघ व अलीकडे निघालेल्या शेतकरी उत्पादक कंपन्या यांनाही काही वर्षांनी एक प्रणाली सोडून दुसरी धरावी लागते. तेथेही प्रश्न हाच उभा राहतो.

हे काम कोणाकडून करवून घ्यावे, त्याच्यावर देखरेख कोणी करावी आणि त्याचे पैसे केव्हा चुकते करावेत, याचा विचार सभासदांनी केलेला फारसा आढळत नाही. संगणकाचे काम म्हणजे तज्ज्ञांचे काम, त्यात शेतकऱ्याने काय बोलावयाचे, अशी एक समजूत होऊन बसली आहे. आमचे मत याच्या उलट आहे. संस्थेने या कामी डेटाबेस जाणणारा एक स्वतंत्र मनुष्य अवश्य नेमावा. परंतु त्याचे पैसे काम उरकल्याबद्दल न देता हिशेब जुळल्याबद्दल द्यावेत, आणि प्रत्येक सभासदाने आपले खाते नव्या प्रणालीतून छापून घेऊन डोळ्यांखालून घातल्यावाचून जुने दप्तर मिटू देऊ नये.

वहीत काय लिहिले आहे यावर शेतकऱ्याची जमीन राहते किंवा जाते, ही गोष्ट आपल्या प्रांतास नवीन नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुपे येथे दंग्यास तोंड लागले, तेव्हा लोकांचा रोख सावकारांच्या खतपत्रांवर होता. ती मिळवावयाची व जाळावयाची, हेच त्या दंग्याचे मुख्य स्वरूप. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात कुळाने पैसे भरल्यास त्यास लेखी पावती मिळावी, वर्षाचा हिशेब मागता यावा व खातेपुस्तक मागून घेता यावे, अशी कलमे होती. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या सरकारासही इतके समजले होते की, हिशेब एकाच बाजूच्या हाती असला म्हणजे दुसरी बाजू बुडते. आज सावकाराच्या जागी आपलीच सहकारी संस्था आली आहे, हा मोठाच फरक होय. तथापि ज्याचे खाते त्यास ते वाचता आले पाहिजे, ही गरज तेव्हा होती तितकीच आजही आहे. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३२ ने सभासदास संस्थेच्या कचेरीत जाऊन आपल्या व्यवहारापुरती दप्तरे फुकट पाहण्याचा हक्क दिला आहे. हा हक्क वापरणारे सभासद किती आहेत, हे वाचकांनी आपापल्या गावी विचारून पाहावे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. एका प्रणालीतील माहिती दुसरीत नेणे म्हणजे एका कणगीतील ज्वारी दुसऱ्या कणगीत ओतणे, असे पुष्कळांस वाटते. ते तसे नाही. जुन्या प्रणालीत जो आकडा लिहिला होता त्याचा अर्थ लिहिणारास ठाऊक होता. नवी प्रणाली तोच आकडा आपल्या रीतीने वाचते. आकडा जसाच्या तसा जातो आणि अर्थ मात्र वाटेत गळतो.

याचे सर्वांस समजेल असे उदाहरण क्षेत्राचे. आपल्याकडे २ एकर २० गुंठे हे क्षेत्र '२.२०' असे लिहिण्याची जुनी वहिवाट आहे. मधला ठिपका हा एकर व गुंठे यांच्यामधील कुंपण असतो. तो दशांशचिन्ह नव्हे. वाचणारा मनुष्य त्यास अडीच एकर म्हणतो, कारण ४० गुंठ्यांचा एकर हे त्यास पाठ आहे. यंत्र त्यास दोन पूर्णांक वीस शतांश एकर समजते, म्हणजे ८८ गुंठे. शंभर गुंठ्यांचा धनी एका रात्रीत १२ गुंठ्यांस मुकला, आणि सातबारा मात्र तलाठ्याकडे होता तसाच आहे! नव्या प्रणालीतील रकाना हेक्टरचा असेल व कोणी रूपांतर न करताच आकडा ओतला, तर तेच क्षेत्र जवळजवळ साडेपाच एकर होते; खरे पाहता अडीच एकर म्हणजे सुमारे १ हेक्टर १ आर. पीककर्जाची मर्यादा क्षेत्रास पिकाच्या दराने गुणून निघते. तेव्हा एकास हक्काचे कर्ज कमी मिळणार व दुसऱ्यास झेपणार नाही इतके मिळणार, आणि दोन्ही ठिकाणी सचिवाने काही लबाडी केली असा बोभाटा होणार.

दुसरे उदाहरण तारखेचे. आपण आधी दिवस व मग महिना लिहितो. कित्येक परदेशी बनावटीच्या प्रणाली आधी महिना व मग दिवस वाचतात. ०३/०६ म्हणजे आपली ३ जून. यंत्राने ती ६ मार्च केली तर कर्जाची उचल तीन महिने मागे गेली. यातील खोच अशी की, महिन्याच्या १३ तारखेपासून पुढच्या नोंदी यंत्र नाकारते, कारण तेरावा महिना नसतो. त्या नोंदी अडल्या म्हणजे काम करणारा त्या दुरुस्त करतो व सर्व ठीक झाले असे समजतो. पहिल्या बारा दिवसांतील नोंदी मात्र निमूटपणे चुकीच्या शिरून बसतात. उचलीची वा फेडीची तारीख चुकली म्हणजे व्याज चुकते, आणि मुदतीच्या आत फेड करणारास जी ३ टक्के व्याजसवलत आहे तीही हातची जाते. दोन लाखांच्या कर्जावर वर्षाचे हे ६,००० रुपये होतात. इतक्या पैशांत बी-बियाण्याची निम्मीशिम्मी सोय होते.

तिसरे उदाहरण नावांचे; आणि मराठी संस्थांस याचा त्रास विशेष. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी निघालेल्या पुष्कळ प्रणालींत मराठी अक्षरे मराठी म्हणून साठविलीच जात नसत. आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असत व पडद्यावर त्यांच्या जागी मराठी आकृती उमटत. हल्लीच्या प्रणाली युनिकोड नावाच्या सर्वमान्य संकेतावर चालतात. जुन्याचे नव्यात रूपांतर करणारी साधने आहेत, परंतु रफार व ऱ्हस्व इकार येथे ती हटकून ठेचाळतात, कारण जुन्या पद्धतीत ही चिन्हे जशी दिसत त्या क्रमाने साठविलेली असत व नव्या पद्धतीत जशी उच्चारली जातात त्या क्रमाने असावी लागतात. 'धर्मा'चा 'धमार्' होतो. गावातल्या माणसास हसू येईल. पण आधारवरील नावाशी नाव ताडून पाहणाऱ्या यंत्रास हसू येत नाही, ते अनुदान अडवून ठेवते.

शिवाय एकाच नावाचे दोन सभासद कोणत्या गावी नसतात? सचिवाच्या वहीत एकापुढे 'थोरला' व दुसऱ्यापुढे 'मळ्यातला' असे लिहिलेले असते, किंवा लिहिलेलेही नसते, केवळ त्याच्या ध्यानात असते. एक मयत होऊन त्याची मुले वारस लागलेली, पण भागाचा दाखला अजून बापाच्याच नावावर. एकाने दोन वेळा भाग घेतलेले, सबब त्याची खाती दोन. जुन्या संगणकात एखादी रक्कम कोठे घालावी हे न कळल्यामुळे अनामत खात्यात टाकून ठेवलेली व तेथेच विसरलेली. या सर्व गोष्टींचा उलगडा कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. तो गटसचिवाजवळ आणि गावच्या जुन्या मंडळींजवळ आहे.

म्हणूनच नेमावयाचा तज्ज्ञ कसा असावा, याची आमची पहिली कसोटी त्याच्या प्रमाणपत्रांची नाही. त्यास बोलावून असे विचारावे की, जुन्या साठ्यातील जी नोंद नव्या साच्यात बसणार नाही तिचे तुम्ही काय कराल? 'आमची प्रणाली ते आपोआप सांभाळून घेते' असे उत्तर देणारास चहा पाजून निरोप द्यावा. जो म्हणेल की, अशा नोंदींची मी निराळी यादी करीन, रोज संध्याकाळी ती सचिवास देईन, आणि सचिवाच्या सहीने उलगडा आल्यावाचून एकही आकडा माझ्या हाताने बदलणार नाही, तो कामाचा मनुष्य होय. त्याने पूर्वी कोठे असे काम केले असल्यास तेथील जुळणीचे कागद, माणसांची नावे झाकून, दाखविण्यास सांगावे. जुळणीचा कागदच ज्याने कधी केला नाही, त्याने काम केले असेल. पण ते बरोबर झाले की नाही हे त्याचे त्यासही ठाऊक नसणार.

दुसरी कसोटी अशी की, त्याने काम सुरू करण्यापूर्वी रकान्यांचा मेळ कागदावर मांडून द्यावा. जुन्या प्रणालीतील अमुक रकाना नव्या प्रणालीतील तमुक रकान्यात जाईल, त्याचे एकक अमुक, तारखेची रीत अमुक, कोरी जागा असेल तर तिचा अर्थ अमुक. हा तक्ता मराठीत असावा व व्यवस्थापक समितीने तो वाचून त्यावर सह्या कराव्यात. वर सांगितलेली गुंठ्यांची व तारखांची चूक येथे, कागदावर, पाच मिनिटांत पकडता येते. तीच पुढे हजार खात्यांत शिरली म्हणजे महिनेच्या महिने जातात.

राष्ट्रीय योजनेखाली हे काम करणारे ठेकेदार वरून नेमलेले असतात, मग सोसायटीने आणखी माणूस कशास ठेवावा, असा आक्षेप येईल. आक्षेप वाजवी आहे. परंतु ठेकेदाराचा हिशेब संस्था किती 'सुरू झाल्या' यावर मांडला जातो, आणि त्याची माणसे एका गावाहून दुसऱ्या गावी धावत असतात. आमच्या गावच्या थोरल्या-धाकट्याचा उलगडा होईपर्यंत त्यांनी थांबावे, अशी अपेक्षा करणे व्यर्थ. त्यांस दोष देण्याचे कारण नाही. ज्याच्या मजुरीची मोजणी जशी, तसे त्याचे काम. ऊसतोडीची मजुरी टनावर असते म्हणून तोडणारा टन पाहतो. उसाचा बुडखा किती वर राहिला हे पाहणे मालकाचे काम. सोसायटीने ठेवावयाचा जाणकार तो हा बुडखा पाहणारा. एका सोसायटीस त्याचा खर्च जड वाटल्यास तालुक्यातील पाच-दहा सोसायट्यांनी मिळून एक माणूस ठेवावा. दूध संघ किंवा कारखाना यांस तर स्वतःच ठेका द्यावयाचा असतो. त्यांनी स्थलांतर करणारा एक व तपासणारा दुसरा, असे दोन निरनिराळे ठेवावेत. नवी प्रणाली विकणारानेच जुनी माहिती आणावी, त्यानेच तपासावी व त्यानेच 'ठीक' म्हणावे, यासारखी सोय दुसरी नाही, पण ती विकणाराची.

सचिवाचा पुतण्या संगणक शिकलेला आहे, तो थोडक्यात करून देईल, हाही विचार पुष्कळ ठिकाणी निघतो. मुलगा हुशार असेल. पण त्याने चूक दाखविली तर ती काकाची निघणार, आणि लपविली तर सभासदांची बुडणार; अशा पेचात त्यास घालू नये.

पैसे कसे द्यावेत? आमची सूचना अशी की, ठरलेल्या रकमेचा चौथा हिस्सा आरंभी, अर्धा हिस्सा चाचणीची जुळणी झाल्यावर, आणि उरलेला चौथा हिस्सा नव्या प्रणालीतून एक वसुलीचा हंगाम पार पडल्यावर द्यावा. चाचणीची जुळणी म्हणजे काय, हेही करारातच लिहून ठेवावे. ठरलेल्या एका तारखेची तेरीज जुन्या दप्तरातून व नव्या प्रणालीतून काढून शेजारी ठेवावी: सभासदांची संख्या, भागभांडवल, ठेवी, अल्प मुदतीचे कर्ज, मध्यम मुदतीचे कर्ज, येणे व्याज, थकबाकी, प्रत्येक बेरीज पैशापर्यंत मिळाली पाहिजे. 'जवळपास जुळते' हा शब्द हिशेबात नाही.

मात्र तेरीज जुळली म्हणजे काम झाले, असे समजणे हाच मोठा धोका होय. एका रामचंद्राचे ८०,००० रुपयांचे कर्ज दुसऱ्या रामचंद्राच्या नावे गेले तरी एकूण कर्जाची बेरीज तितकीच राहते. लेखापरीक्षकास तेरीज जुळलेली दिसेल, बँकेस जुळलेली दिसेल, ठेकेदार बिल घेऊन जाईल. आणि ज्याने कर्ज कधी काढले नाही त्यास कलम १०१ खालच्या वसुलीच्या कारवाईची नोटीस येईल. बेरजेस न सापडणारी ही चूक एकच मनुष्य पकडू शकतो, तो म्हणजे खातेदार स्वतः.

आणि ही रीत आपल्याकडे अगदीच अपरिचित नाही. हस्तलिखित सातबारा संगणकावर चढविल्यानंतर दोहोंत तफावती निघू लागल्या, तेव्हा २०१७ साली गावोगाव चावडी वाचन करून लोकांस आपापले उतारे पडताळून पाहण्यास सांगण्यात आले. ज्यांनी त्या वेळी लक्ष घातले त्यांचे काम तेथेच झाले. ज्यांनी घातले नाही त्यांपैकी पुष्कळांस पुढे जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली अर्ज करीत तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. त्याच साली जाहीर झालेल्या कर्जमाफीत शेतकऱ्यांचे अर्ज आणि बँकांकडील माहिती यांचा मेळ बसेना, म्हणून याद्या रखडल्या. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत हा धडा घेतलेला दिसला. फेब्रुवारी २०२० पासून याद्या प्रसिद्ध होऊ लागल्या, प्रत्येक खात्यास विशिष्ट क्रमांक दिला गेला, आणि आधार पडताळणीच्या वेळी दाखविलेली रक्कम आपणांस मान्य आहे की नाही, हे शेतकऱ्यासच विचारले गेले; अमान्य असल्यास तक्रार जिल्हा समितीकडे. सोसायटीच्या दप्तराचे स्थलांतर होताना हेच करावयाचे आहे. दहा दिवस आधी दवंडी द्यावी, किंवा गावच्या व्हॉट्सॲप समूहावर कळवावे. प्रत्येकाचे खाते छापून त्याच्या हाती द्यावे. क्षेत्र, भाग, कर्ज, उचलीची तारीख, शेवटचा भरणा आणि नाव या सहा गोष्टी त्याने आपल्या पावत्यांशी ताडून पाहाव्यात व सही करावी. ज्यांस वाचता येत नाही त्यांस वाचून दाखवावे. मात्र शेजाऱ्याचे कर्ज चारचौघांत मोठ्याने वाचण्याचे कारण नाही. चावडी वाचनात जमीन वाचली गेली, ती गोष्ट निराळी.

परदेशातील बड्या बँकांसही या कामी ठेच लागलेली आहे. इंग्लंडातील टीएसबी नावाच्या बँकेचे हिशेब पूर्वीच्या मालक बँकेच्या प्रणालीवर चालत. ती बँक २०१५ साली एका स्पॅनिश बँकेने घेतली, आणि एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारात ५२ लाख ग्राहकांची खाती नव्या प्रणालीवर नेण्यात आली. ध्यानात ठेवण्याजोगे हे की, माहिती बहुतांशी सुखरूप पोचली होती. परंतु ज्या नव्या घरात ती नेली त्या घराचीच पुरती चाचणी झालेली नव्हती. सोमवारी लोक आपल्या खात्यांपर्यंत पोचू शकेनात, आणि सर्व पूर्ववत् होण्यास डिसेंबर उजाडला. तेथील नियामक संस्थांनी २०२२ साली या बँकेस एकंदर ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला. ठेकेदाराच्या 'आम्ही तयार आहोत' या शब्दावर संचालकांनी पुरेशी उलटतपासणी केली नाही, हा त्यांच्यावरील एक प्रमुख ठपका. एवढ्या मोठ्या बँकेच्या संचालकांस जे प्रश्न सुचले नाहीत, ते आमच्या सोसायटीच्या संचालकांस सुचणे कठीण, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. बैल विकत घेताना दात मोजणारा आणि नांगरास जुंपून पाहणारा मनुष्य संगणकाच्या बाबतीतच एवढा भिडस्त का होतो, हे कोडे आहे.

त्याच देशात टपाल खात्याच्या हिशेब-प्रणालीने दाखविलेली तूट खरी मानून १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक उप-टपालचालकांस चोरी, अफरातफर अशा आरोपांखाली दोषी ठरविण्यात आले. दोष प्रणालीत होता. शेवटी २०२४ साली पार्लमेंटास खास कायदा करून त्यांच्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. यंत्रातून निघालेला आकडा खरा व त्यास हरकत घेणारा मनुष्य खोटा, ही समजूत एकदा कचेरीत रुजली म्हणजे गरीब माणसाजवळ पुरावा उरत नाही. त्याच्याजवळ असतात त्या जुन्या पावत्या.

सबब जुने दप्तर कोठे जाते, यावर नजर ठेवावी. ठेकेदारास सोयीचे म्हणून बहुधा केवळ ३१ मार्चची अखेर बाकी नव्या प्रणालीत घेतात आणि मागील उलाढाल जुन्यातच सोडून देतात. पुढे जुना संगणक बिघडतो, त्याचा परवलीचा शब्द ज्यास ठाऊक तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो, आणि २०१८ सालच्या व्याजाचा तंटा निघाल्यास दाखविण्यास काही राहत नाही. ज्या खात्यांवर येणे बाकी आहे त्यांची तरी मागील सर्व उलाढाल नव्या प्रणालीत आणलीच पाहिजे, असे आमचे मत आहे. बाकीच्यांची छापील खतावणी काढून, बांधून, सह्या-शिक्क्यांनिशी ठेवावी. जुन्या साठ्याच्या दोन प्रती करून एक जिल्हा बँकेत व एक संस्थेच्या तिजोरीत असावी. आणि तो साठा मूळ स्वरूपात, कुलपाच्या किल्लीसह, म्हणजे परवलीच्या शब्दासह, ताब्यात घ्यावा. जुनी प्रणाली पुरविणारे कित्येक जण या वेळी माहिती अडवून धरतात. माहिती संस्थेची आहे, प्रणाली तेवढी त्यांची. हे पुढील करारात पहिल्याच कलमात घालावे.

तज्ज्ञ म्हणून येणारा मनुष्य सर्व सभासदांचे आधार क्रमांक, बँक खाती व दूरध्वनी क्रमांक आपल्या यंत्रात घेऊन बसतो, याचाही विचार व्हावा. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केलेला आहे. काम संस्थेच्या कचेरीतील यंत्रावर व्हावे, प्रत बाहेर नेऊ नये, आणि नेण्यावाचून गत्यंतर नसेल तर ती नष्ट केल्याचा लेख द्यावा.

एक कटु गोष्टही सांगणे भाग आहे. जुनी वही म्हणजे सोन्याची वही होती, असे आम्ही म्हणत नाही. पेन्सिलीने लिहिलेले आकडे, भरणा होऊनही न चढलेल्या पावत्या, ज्यांस ठाऊकही नाही अशांच्या नावावरील कर्जे, हे सर्व वह्यांतच झाले. स्थलांतराच्या वेळी दोन प्रकारच्या माणसांस ते प्रामाणिकपणे व्हावेसे वाटत नाही. एकास भय असते की, जुने काही उघडकीस येईल. दुसऱ्यास संधी दिसते की, जुनी तूट या गडबडीत बुजविता येईल. पुढे कोणी विचारलेच तर 'संगणकात चूक झाली' हे उत्तर तयार. यास्तव स्थलांतराच्या आदल्या दिवसापर्यंतचे लेखापरीक्षण पुरे झाल्यावाचून एकही आकडा हलवू नये. ते होईपर्यंत थांबल्याने संस्थेचे एखाद्या तिमाहीचे नुकसान झाले तरी चालेल.

स्थलांतराचा मुहूर्तही पाहून घ्यावा. मार्चअखेरच्या वसुलीच्या धांदलीत किंवा जूनमधील कर्जवाटपात हे काम काढणे म्हणजे पेरणीच्या दिवशी तिफण दुरुस्तीस टाकणे होय. आपल्या भागात दिवाळीनंतरचे काही आठवडे बरे. कर्जवाटप उरकलेले असते, वसुलीचा जोर यावयाचा असतो. नवी प्रणाली सुरू झाल्यावरही एक हंगामभर जुन्या रोजकीर्दीत समांतर नोंदी चालू ठेवाव्यात. सचिवास हे दुप्पट काम पडेल, तेव्हा त्या मुदतीपुरता एक मदतनीस व काही मेहनताना त्यास अवश्य द्यावा. गटसचिवांवर आधीच दोन-दोन, तीन-तीन संस्थांचा भार असतो. सर्व ज्ञान त्यांच्याजवळ आहे म्हणून सर्व ओझेही त्यांच्याच डोक्यावर घालणे न्यायाचे नाही.

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत भरते. ज्यांचे दप्तर अजून हलावयाचे आहे, त्या सभासदांनी सभेच्या नोटिशीची वाट न पाहता आताच लेखी पत्र देऊन पुढील विषय कार्यक्रमपत्रिकेत घालण्यास सांगावे: तपासणीसाठी जाणकार नेमणे व त्याच्या पैशाचे हप्ते ठरविणे, रकान्यांचा तक्ता सभेपुढे ठेवणे, आणि खातेवाचनाची तारीख मुक्रर करणे. ज्यांचे दप्तर हलून गेले आहे, त्यांनी कलम ३२ चा आधार घेऊन आपल्या खात्याचा उतारा येत्या आठवड्यातच मागावा आणि प्रथम क्षेत्राचा रकाना पाहावा. एकर-गुंठ्यांचा ठिपका तेथे कसा वाचला गेला आहे, हे कळण्यास अर्धी घटकाही लागणार नाही.